भरली टाकी, कोरडा नळ

सोसायटीच्या फाटकातून ट्रेलर बाहेर काढताना त्याचं चाक कुंडीला घासलं आणि सुनंदा म्हणाली, "झाली सुरुवात!" सकाळचे साडेआठ वाजले होते. गंगापूर रोडवर शाळेच्या बसगाड्यांची गर्दी, त्यात आमची जुनी गाडी आणि तिच्यामागे ते पांढरं खोकं. लोक वळून वळून बघत होते. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू? दोन वर्षांनी माझी बायको दवाखान्याखेरीज दुसरीकडे कुठेतरी निघाली होती.

सुनंदाची मूत्रपिंडं थकली तेव्हापासून तिचं पोटावाटे डायलिसिस चालतं, तेही घरीच. दिवसातून चार वेळा पोटातल्या नळीला पिशवी जोडायची, आतलं जुनं पाणी काढायचं आणि नवं औषधी पाणी सोडायचं. ती ते स्वतः करते. फक्त स्वच्छ वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतल्याशिवाय नळीला शिवायचं नाही. जंतू आत गेला की पोटभर पसरतो आणि जिवावर बेततं.

म्हणून तर हा ट्रेलर. सातपूरच्या एका कारागिराकडून बांधून घेतला. आत पलंग, छोटं बेसिन, कोपराने उघडता येणारा नळ, खाली पाण्याची टाकी आणि मुठीएवढा पंप. टाकी मी स्वतः घासली आणि फिल्टरच्या पाण्याने भरली. मी हिवताप विभागातून निवृत्त झालेला माणूस. पाण्याच्या टाकीबद्दल मला कोणी शिकवू नये, असा माझा बाणा.

दिंडोरीपर्यंत छाटणी झालेल्या द्राक्षबागा, वणीला अर्धा-अर्धा कप चहा आणि मग घाट. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, त्यामुळे खड्ड्याखड्ड्यात लाल पाणी. बोरगाव मागे पडलं तशी उतारावर नागली (नाचणी) तांबूस दिसू लागली. सुनंदा काच खाली करून बसली होती. "अहो, भाताचा वास बघा," ती म्हणाली. मी म्हटलं, "काच वर कर, चिखल उडेल." तिने केली नाही.

सुरगाण्याच्या पुढे एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) थांबलो. सोमनाथ नावाच्या जीपवाल्याने आपल्या खळ्यात ट्रेलर लावू दिला. त्याची बायको मंजुळा चुलीपाशी होती, ती म्हणाली, "जेवूनच घ्या." दुपारी तीनला सुनंदाची पिशवी बदलायची होती. आधी ते उरकू, मग जेवू, असं ठरलं.

पावणेतीनला मी नळ उघडला. चार थेंब, एक गुरगुर, आणि बंद. पंप मात्र घर्र घर्र चालूच.

टाकीवर टिचकी मारली, आवाज भरल्या टाकीचा. फिल्टर उघडला, स्वच्छ. नळ्या चाचपल्या, कुठे मुडपलेल्या नाहीत. पंपात हवा अडकली असेल म्हणून तो सोडवला आणि जवळच्या बाटलीबंद पाण्याच्या दोन्ही बाटल्या त्यात ओतून परत जोडला. नळाला जेमतेम ओंजळभर पाणी आलं आणि पुन्हा ठणठणाट. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हात धुण्याजोगं हाताशी असलेलं तेवढंच पाणी मी पंपात घालवलं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे. सुनंदाने रिकाम्या बाटल्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या.

सव्वातीन झाले. तास-दोन तास उशीर चालतो, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. अस्वच्छ हात चालत नाहीत, आणि पाड्यावरच्या पाण्याचा मला भरवसा नव्हता.

"चल, परत जाऊ. वाटेत बाटल्या घेऊ," मी म्हटलं.

"नाही."

"सुनंदा, हट्ट करू नकोस."

"आज परत गेलो तर तुम्ही हा ट्रेलर विकाल. मग मी आणि ती बेडरूम. मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

तिचं खरं होतं. ट्रेलर विकण्याची जाहिरात मनातल्या मनात माझी लिहून झाली होती. भीती वाटत होती मला, दुसरं काही नाही.

सोमनाथ इतका वेळ जीपला टेकून बघत होता. तो जवळ आला. "काका, रागवू नका, पन पंप मेला नाय. त्याला वढता येत नाय." त्याने पंप बंद करायला लावला, थोडं थांबला, मग चालू करायला सांगितला. नळाने पुन्हा ओंजळभर पाणी दिलं आणि हात आखडता घेतला.

"बघा, दम खाल्ला की देतंय. माझी जीप घाटात अशीच बंद पडायची. डिझेल टाकीच्या झाकनाचं भोक बुजलं व्हतं. ही टाकी हवा कुठून घेते?"

हवेची नळी चाकाजवळ होती. तिकडे बोट दाखवता दाखवता माझे कान तापले. नळीच्या तोंडावर सकाळी मीच चार पदरी फडकं बांधलं होतं, सुतळीचे तीन वेढे देऊन. घाटातल्या लाल चिखलाने ते लिंपून निघालं होतं.

"हे कोनी बांधलं?"

"मीच." उभ्या नोकरीत दारोदार सांगत फिरलो, संडासाच्या टाकीच्या पाइपाला कापड बांधा, डास होणार नाहीत. पाइप दिसला आणि हात आपोआप गेला.

"आमच्याकडं बी येतात हिवतापवाले. जाळीचं पातळ कापड देतात, काका. ही तर गोधडी हाय!"

सुनंदा खो-खो हसली. मी चिडून फडकं ओढायला गेलो तर सोमनाथने मनगट धरलं. "आदी वरचं झाकन सोडा. नायतर टाकी चिखल आत वढून घेईल."

पाणी भरायचं झाकण सैल केलं. टाकीने फुस्स करून हवा घेतली. मग फडकं सोडलं, नळी पुसली, पंप लावला. नळ धो-धो वाहू लागला. पण थोडा चिखल आधीच आत गेला असेल तर? मी पेलाभर पाणी उन्हात धरून उभाच राहिलो.

"द्या इकडे," सुनंदा म्हणाली. तिने पाणी पाहिलं, वास घेतला आणि साबण उचलला. "हात माझे आहेत, पोट माझं आहे. खिडक्या लावा, धूळ नको."

पिशवी बदलून झाली. मंजुळाने नागलीची भाकरी आणि भुजं (उडदाचं घट्ट कालवण) वाढलं. सुनंदाने पथ्य सांभाळून अर्धी भाकरी खाल्ली, पण चवीने.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो आणि दिवे लागायच्या आत घरी आलो. डासाला आत येऊ द्यायचं नाही, हेच मी जन्मभर शिकलो आणि शिकवलं. वारा आत यायला लागतो, हे एका जीपवाल्याने सांगावं लागलं. तरी धाकधूक जाईना. पोटात जंतू शिरला असेल तर निघणारं पाणी गढूळ येतं, कधी एक-दोन दिवसांनीसुद्धा. ते तपासायची रीत सोपी आहे. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी पेपरवर ठेवली. एकही अक्षर लागेना. सगळं धूसर.

सुनंदाने पिशवी पेपरसकट आपल्याकडे ओढली.

"विंचूरला कांद्याची आवक वाढली," तिने पिशवीतून मोठ्याने वाचलं. मग खालची बारीक अक्षरातली भावांची यादीही वाचली, सबंध. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, पाणी स्वच्छ आहे. डोळे पुसा आधी."