कारखान्याच्या रकान्यात आमचे घर

यंत्राखालचा धक्काशोषक निवडताना कोणाचे शरीर विचारात घ्यायचे? या एका प्रश्नाचे उत्तर मी इथे शोधते आहे.

प्रभादेवीचे कार्यालय. बैठकीत टॉवरचे वास्तुविशारद, आमच्या कंपनीचे प्रमुख असलेले सर आणि त्यांच्याकडची अभियंता मी. डिलाईल रोडला जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहत होता. त्याच्या तळघरातली हवा बाहेर फेकणारा प्रचंड पंखा आमच्या चाळीला लागून बसणार होता. त्याची थरथर अडवणाऱ्या धक्काशोषकांचा हिशेब माझा होता. तक्त्यात चाळीच्या नावापुढे मी ‘घर’ लिहिले होते. सरांनी ते खोडून ‘कारखाना’ लिहिले.

“अगं, तिकडे सगळे गिरणीवाले. आयुष्यभर मागांच्या धडधडीत झोपलेत. त्यांना पाळण्यासारखं वाटेल.”

वास्तुविशारद हसले. सर माझ्याकडे वळले. “तू तिथलीच ना? मग तुला सांगायला नको. तुम्हा लोकांना सवय असते.”

तुम्हा लोकांना. चार शब्दांत माझी पदवी पुसली गेली.

त्या खोडण्याने काय बदलले, ते नीट सांगते. धक्काशोषक नुसत्या वजनावर निवडत नाहीत. यंत्र किती वेगाने फिरते, तेही पाहावे लागते. हळू फिरणाऱ्या पंख्याखाली कडक रबर घातले तर थरथर अडत नाही. कधी कधी वाढते. तिथे वजनाखाली चांगली दबणारी, मऊ स्प्रिंग लागते. ती किती मऊ, हे मात्र गणित एकटे ठरवत नाही. भिंतीपलीकडे किती थरथर चालेल, हे माणूस ठरवतो. त्यासाठी तक्त्यात रकाने असतात: इस्पितळ, घर, कार्यालय, कारखाना. कारखान्याला सर्वांत जास्त थरथर चालते. त्या रकान्यात आमचे घर गेले आणि स्वस्तातले रबर मंजूर झाले.

पंख्याची पहिली चाचणी सुटीच्या दिवशी दुपारी झाली. मी घरी होते. बाबा खाटेवर पडले होते. मागांनी त्यांचे कान कधीच नेले आहेत. हल्ली आठवणीही मागेपुढे होतात. खाट थरथरली. बाबा उठून बसले. भिंतीला तळहात लावला. चेहरा उजळला.

“गिरण सुरू झाली काय गो?”

मी मान हलवली. नाही.

“तुका काय ठाऊक! हात लावून बघ.” त्यांनी खुंटीवरचा सदरा चढवला. बटणे लावली. “डबो खंय माझो? दुपारची पाळी चुकतली.”

दारात उभे राहिले, पाठ ताठ करून. इतके ताठ मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना हे कसे समजवायचे? मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

थरथर थांबली. चाचणी संपली होती.

बाबांनी पुन्हा भिंत चाचपली. मग हळूच खाटेवर बसले.

“परत बंद केल्यानी.”

सदरा त्यांनी काढला नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी चाचणीचा अहवाल सहीसाठी पुढे केला.

“सर, ते घर आहे. माझे वडील राहतात तिथे.”

“इमोशनल होऊ नकोस. एरिया मिलचाच आहे.”

“माणसं राहतात. रबर काढून स्प्रिंग बसवा. तोवर मी सही करणार नाही.”

“तुझ्या सहीवाचून अडतंय थोडंच?”

अडले नाही. सही दुसऱ्याने केली. त्या कार्यालयात मी परत गेले नाही. पंखा रोज सुरू होतो, रोज थांबतो. बाबांची गिरणी रोज उघडते आणि रोज बंद पडते.

मी महापालिकेकडे लेखी तक्रार केली आहे. उत्तर आलेले नाही. म्हणून पुन्हा करीन. धक्काशोषकांचे काम मी सोडणार नाही. जिथे माणूस झोपतो, तिथे मी ‘घर’च लिहीन, कोणी खोडले तर त्याच्यासमोर पुन्हा लिहीन. सवय हे माप नव्हे. ती लादलेली असते, आणि लादणाऱ्याने तिचा दाखला देऊ नये.

हे केवळ माझ्या शब्दावर मानू नका. तुमच्या इमारतीलगत असे यंत्र असेल, तर पाण्याने भरलेली वाटी जमिनीवर ठेवा. यंत्र चालू असताना पाण्याकडे पाहा, बंद असताना पुन्हा पाहा. मग यंत्र बसवणाऱ्यांकडून धक्काशोषकांचा हिशेब मागवा. तुम्हाला कोणत्या रकान्यात घातले आहे, ते कृपया स्वतः तपासा.