भाभी आल्यात, भाईर व्हा

"उठा रं समदी! भाभी आल्यात, भाईर व्हा!"

सरपंच ओरडले आणि पंचायतीची खोली अशी रिकामी झाली, की छपराला आग लागली असती तरी कुणी इतक्या चपळाईनं पळालं नसतं. एक म्हातारे सदस्य तर दुसऱ्याच्याच चपला घालून गेले.

भांडण नव्हतं, तो मान होता. आमच्या इस्लामपूरकडच्या गावात मोहल्ल्यातली बुरख्यातली बाई आली, की पुरुषांनी वाट सोडायची. इंग्रज जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. पंचायतीत बाई हवी असा नियम निघाला, म्हणून मला घेतलं. मी नावापुरती, घरीच बसणार, अशीच सगळ्यांची समजूत. पण त्या दिवशी गावचा पहिला नळ कुठं बसवायचा, ते ठरणार होतं. ओढ्यावरून घागरी वाहून आमच्या बायकांच्या माना इतक्या ताठ झाल्या होत्या, की नवऱ्यापुढंसुद्धा वाकत नव्हत्या.

मला सरपंचांची खुर्ची दिली. तिच्यात माझ्या सगळ्या नणंदा मावल्या असत्या. चहा पहिला मला आला. सभा मात्र बाहेर लिंबाखाली भरली.

तालमीपुढं नळ, असं कानावर आलं तसं मी खिडकीतून विचारलं, मोहल्ल्याचं काय? सरपंच पाठमोरेच म्हणाले, "भाभी, तुमी निवांत बसा. आमी हाय की."

मी उठून लिंबाखाली गेले. सगळे अदबीनं उठले आणि खोलीत गेले. आत हात वर झाले. लिंबाखाली मी आणि एक शेळी. शेळी तेवढी उठली नाही.

माझ्या सासूबाईंनी इंग्रजाच्या राज्यात ह्याच पाण्यासाठी मोहल्ल्यातल्या बायका घेऊन साहेबाचा तंबू गाठला होता. साहेब उठला नाही, त्यानं सगळं ऐकलं आणि काही दिलं नाही. घरी येऊन सासूबाईंना मी तिखटमीठ लावून सांगितलं, की माझ्यासाठी अख्खी पंचायत उभी राहिली, एकदा नाही, दोनदा.

त्यांनी विचारलं, "आन नळ?"

"तालमीपुढं."

"मग घागर उचल," त्या म्हणाल्या. "ऊन उतरलं."