उसना बाप

"उद्या तपासणीला लोक येतील. याला बाबा म्हणायचं."

आमच्या कॉलेजचे संस्थाचालक साहेब चप्पल न काढता घरात शिरले होते. बोट त्यांच्या ड्रायव्हरकडे, रामदासकाकांकडे.

मी काकांकडे बघितलं.

"बाप गेलाय ना तुझा? मग हरकत काय? इथे शेजाऱ्यांनी तुलाच बघितलंय. आणि रंगही जुळतोय तुमचा."

सोबतचे क्रीडाशिक्षक हसले. काका खाली बघत राहिले.

मी कॉलेजच्या कबड्डी संघात होते. चढाईला पहिली मीच. करंज्याहून रोज पनवेलला येणं जमत नव्हतं, म्हणून संस्थेने आम्हा चौघी खेळाडूंना हे घर दिलं होतं. सरकारी सोडतीतलं, गरिबांसाठीचं, काकांच्या नावावर लागलेलं. काका, काकी आणि त्यांची मुलगी मात्र साहेबांच्या बंगल्यामागे पत्र्याच्या खोलीत राहायची. हे मला त्या दिवशी कळलं. ज्याच्या नावावर घर तोच तिथे राहतो का, याचीच तपासणी होती. तोवर मी उपकार समजून साहेबांच्या पाया पडत होते. त्याच सोडतीत माझ्या आईनेही अर्ज भरला होता. तिचा नंबर लागला नाही. ती अजून भाड्याच्या खोलीत राहते, मासळी सुकवते.

तिला फोन केला. म्हणाली, "एक दिस बोल त्याला बाबा. तुजा खेल तरी ऱ्हाईल. तुजा बापूस काय ऐकाला येनार नाय." एवढं बोलून तीच रडायला लागली.

बाबा बोटीवर खलाशी होते. गावच्या मैदानात त्यांनीच मला कबड्डी शिकवली. तिथे पंच नसायचा. अंगाला हात लागला, की ज्याला लागला त्यानेच हात वर करून बाहेर जायचं. कुणी बघितलं नसलं तरी. लबाडी करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घ्यायचं नाही.

तपासणीच्या दिवशी बाकीच्या तिघींना मैदानावर पाठवलं. त्यांच्या गाद्या गच्चीवर. साहेब सोफ्यावर. अधिकारी बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

"माझी पोरगी," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला पत्र्याखाली झोपणारी त्यांची खरी पोर आठवली.

माझा हात आपोआप वर गेला.

"मी यांची मुलगी नाही," मी म्हणाले आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. मधलं, बाबांचं, दोनदा.

संघातून माझं नाव गेलं. विद्यापीठाची निवड हुकली. ती हळहळ अजून जात नाही. काकांची नोकरी गेली, पत्र्याची खोलीही गेली. सोडतीतल्या घराला चौकशीचं कुलूप. साहेबांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

काकी बाजारात भेटली. म्हणाली, "तू खरं बोललीस गो. पन आमी कुठं जायाचं?"

मी भर बाजारात रडले.

आता काकी आणि मी चौकशीच्या कचेरीत जाऊन बसतो. हाकलतात. परत जातो. आमचं मागणं एकच, त्या घरात काकाच राहिले पाहिजेत. ते घर कुणी लाटलं, हे मी साहेबांसमोर सांगणार आहे. कचेरीने त्यांना बोलावलं नाही, तर मी त्यांच्या बंगल्यात जाईन. चप्पल न काढता.