लाल चिमटा

भागू हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी मिक्सर सुरू झाला की ती घराबाहेर पळायची. कुणी फुगा फुगवायला घेतला की कान झाकून कोपऱ्यात बसायची. म्हणून मामा तिला भित्री भागूबाई म्हणू लागला. पुढं ‘भित्री’ गळून गेलं आणि घरीदारी नुसती भागू उरली. भीती मात्र गळली नाही.

शाळा संपल्यावर तिनं बायोमेडिकल इंजिनियरिंगला नाव घातलं, तेव्हा मामा म्हणाला, “डॉक्टर व्हावं तर रक्ताची भीती, इंजिनियर व्हावं तर विजेची भीती. हिनं बरोबर शोधून असं शिक्षण काढलं की जिथं दोन्ही एकदम मिळतील.”

भागूला स्वतःला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. माणसाच्या आत काय चाललंय ते बाहेर आकड्यांत दिसतं, रेषांत दिसतं, ही गोष्टच तिला धीर देणारी वाटली होती. दिसत नाही त्याचीच तर तिला धास्ती असायची. पण वर्गात बसू लागल्यावर उलटंच झालं. घरात हाताला नुसत्या मुंग्या आणणारी वीज थेट हृदयापर्यंत पोचली तर हृदय थांबवू शकते, असं प्राध्यापकांनी शिकवलं, त्या दिवशी बाकीच्यांनी ते वहीत उतरून घेतलं आणि भागू जेवली नाही. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची. वायर ओढून बघायची, बटण बंद आहे ना ते बघायची, निघताना दारातून मागं वळून परत बघायची. वर्गातली पोरं म्हणायची, “भागू, तुझं तपासून झालं की आम्हाला उठव.”

शेवटच्या वर्षी एका मोठ्या इस्पितळात प्रशिक्षण असे. इस्पितळाचं यंत्रदुरुस्तीचं दालन तळघरात होतं, धुलाईखान्याच्या शेजारी. एका भिंतीपलीकडं चादरी धुणारी यंत्रं घुमायची आणि अलीकडं टेबलांवर उघडी पडलेली मॉनिटर, पंप, रक्तदाब मोजायची यंत्रं. दालनाचे प्रमुख म्हणजे सर. कमी बोलणारे, पाठीत किंचित वाकलेले, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. प्रशिक्षण नीट पार पडल्याची त्यांची सही मिळाल्याशिवाय पदवी मिळत नसे, म्हणून सगळी मुलं त्यांना वचकून असत. भागू तर त्यांच्या खोकल्यालाही वचकायची.

सरांचा एक नियम होता. दुरुस्त केलेल्या मॉनिटरचा धोक्याचा आवाज तपासावाच लागतो. रुग्णाचं सोंग घेणारी एक डबी असते, ती मॉनिटरला जोडायची, डबीतला प्राणवायूचा आकडा खाली आणायचा, की मॉनिटरनं ओरडलं पाहिजे. दिवसभर हे ओरडणं ऐकून डोकी उठत. म्हणून एकदा पूर्ण आवाज ऐकला की उरलेल्या चाचण्यांसाठी तो सगळ्यात खालच्या पायरीवर आणायची मुभा होती. पण आवाज कमी करणाऱ्यानं त्याच क्षणी यंत्राच्या वायरीला एक लाल चिमटा लावायचा. धुलाईखान्यातून मागून आणलेले कपड्यांचे साधे चिमटे होते ते, भिंतीवर दोरीला ओळीनं लावलेले. काम संपलं की आधी आवाज वाढवायचा, मग चिमटा काढायचा, आणि तो थेट दोरीवर. “चिमटा एक तर वायरीवर असेल, नाही तर दोरीवर,” सर म्हणायचे. “तिसरी जागा त्याला नाही.”

एके दुपारी भागू एका मॉनिटरची चाचणी घेत होती. पूर्ण आवाज ऐकून झाला होता. तेवढ्यात सरांना फोन आला. एका कानावर हात ठेवून ते म्हणाले, “अगं, जरा कमी कर ते.” तिनं आवाज खाली आणला, चिमटा लावला आणि पुढच्या चाचण्या घेऊ लागली. शेवटची चाचणी झाली नि वॉर्डातल्या सिस्टर धापा टाकत दारात आल्या.

“मॉनिटर झालाय का एखादा? एक आजी येऊन पडल्यात वर आणि त्यांच्या खाटेशी यंत्रच नाही.”

“हा झालाच आहे,” भागू म्हणाली.

“दे बाई. तू आहेस म्हणून सुटले.”

असं तिला कुणी सहसा म्हणत नसे. ती घाईनं उठली. वायरी गुंडाळून घ्यायच्या तर चिमटा आड येत होता. तिनं तो काढला. एका हातात मॉनिटर, दुसऱ्या हातात वायरी. सिस्टरच्या मागून लिफ्टपर्यंत जाऊन तिनं यंत्र ढकलगाडीवर ठेवलं आणि परत येऊन पुढचा पंप उघडायला घेतला.

घरी आल्यावर आईनं धुवायला एप्रन मागितला. आई शिवणकाम करायची. हा एप्रन तिनंच शिवला होता, खिसे खोल ठेवून. लेक इंजिनियर होणार, तिला काय काय ठेवावं लागेल म्हणून. धुण्याआधी खिसे उलटे करायची तिची सवय.

“हा चिमटा कुठला गं? आपले तर निळे आहेत.”

भागू पाण्याचा पेला घेऊन उभी होती. आईच्या तळहातावरचा लाल चिमटा तिनं बघितला. पेला तिनं जपून खाली ठेवला.

“आई, मी आवाज वाढवला नाही.”

“कसला आवाज?”

सांगून होईपर्यंत मामाही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. “अगं, तू?” तो म्हणाला. “गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी तू. वाढवला असशील. आठवून बघ.”

तेच तर ती करत होती. डोळे मिटले की तिला आपलं बोट दिसत होतं, वरच्या बाणाचं बटण दाबणारं. स्पष्ट दिसत होतं. पण ते आजचं बोट होतं की कालचं, की परवाचं, हे काही केल्या ठरेना. रोजच तर ती ते बटण दाबायची.

सरांना फोन लावला तर तो बंद. घरी गेल्यावर सर फोन बंद करून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. वॉर्डाचा फोन सतत गुंतलेला. भागूनं पुन्हा लावला, पुन्हा तोच टूं-टूं आवाज.

मामानं स्कूटरची किल्ली उचलली. “चल, डोळ्यांनी बघून येऊ. सगळं ठीक निघालं तर येताना चहा तुझ्याकडून.”

भागूला हसू आलं नाही. रस्ताभर ती मामाच्या शर्टाला धरून बसली होती आणि दर सिग्नलला तिला वाटत होतं, आत्ता. आत्ता त्या आजींना काहीतरी झालं असेल आणि यंत्र गप्प बसलं असेल.

इस्पितळात भेटायला येणाऱ्यांची गर्दी होती. दारावरच्या शिपायानं पास मागितला. ओळखपत्र एप्रनला लावलेलं आणि एप्रन घरी बादलीत.

“ही इथं यंत्रं दुरुस्त करते,” मामा म्हणाला.

शिपायानं भागूकडं बघितलं. “ही?”

“हो, दिसते तेवढी लहान नाही. खाली तळघरात असते, म्हणून तुम्ही पाहिली नसेल.”

शिपायानं मान हलवून तिला एकटीला आत सोडलं. वॉर्डात दुपारच्या सिस्टर नव्हत्या. त्यांची पाळी संपली होती. नव्या सिस्टरनी फोनवर बोलता बोलताच छताकडं बोट दाखवलं. त्या आजींना वरच्या मजल्यावर हलवलं होतं, मॉनिटरसकट.

लिफ्टपाशी रांग होती. भागू जिना चढली. वरच्या मजल्यावर लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. कुठली खोली ते विचारायचं तिला सुचलंच नाही. प्रत्येक दारातून टिक्-टिक्, बीप-बीप असे आवाज येत होते. एरवी अशा आवाजांनी तिच्या छातीत धडधडायचं. आज ती एकेका दाराशी थांबून ते कान देऊन ऐकत होती, आणि आवाज आला की श्वास सोडून पुढं जात होती. आवाज नसलेली खोली तिला हवी होती, आणि तीच सापडू नये असंही वाटत होतं.

ती खोली बोळाच्या टोकाला सापडली. आत पूर्ण शांतता. खाटेवर एक किडकिडीत आजी डोळे मिटून पडलेल्या, तोंडावर प्राणवायूचा मास्क. त्यांची मुलगी खिडकीकडं तोंड करून टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिच्या पाठीमागं मॉनिटर होता. त्यावरचा प्राणवायूचा आकडा लाल झाला होता आणि उघडझाप करत होता.

भागू यंत्राजवळ वाकली. आत कुठंतरी रातकिडा कोंडून ठेवावा तसा बारीक आवाज येत होता. तिनं पुन्हा आकड्याकडं बघितलं. तो आणखी एकानं उतरला. मुलीनं वळून पाहिलं. “कोण हवंय तुम्हाला?”

“सिस्टर,” भागू पुटपुटली. मग बोळात धावत जाऊन तिनं अशी हाक मारली की समोरच्या खोलीतली माणसं बाहेर आली. “सिस्टर, लवकर या. प्राणवायू उतरतोय.”

सिस्टर पळत आल्या. मागोमाग एक शिकाऊ परिचारिकाही आली. सिस्टरनी आधी आजींकडं बघितलं, मग प्राणवायूच्या नळीवरून हात फिरवत नेला. खाटेच्या बाजूची दांडी वर करताना नळी तिच्यात अडकून चेपली होती. त्यांनी दांडी खाली केली. नळी सुटली. आकडा थोडा वेळ तसाच राहिला. मग तो एकानं चढला, थांबला, पुन्हा चढला. आजींनी डोळे उघडून मास्कच्या आतून काहीतरी विचारलं.

“काही नाही, आई,” मुलगी म्हणाली. ती सिस्टरकडं वळली. “मी इथंच होते हो. उठलेसुद्धा नाही. पण वाजलंच नाही काही.”

सिस्टरनी मॉनिटरला कान लावला. मग शिकाऊ परिचारिकेकडं बघितलं. “आजींना झोप लागावी म्हणून तू आवाज कमी केलास?”

“नाही सिस्टर. मी हातही लावला नाही.”

“मग कुणी केला? भुतानं?”

परिचारिकेचे डोळे भरून आले. “खरंच नाही, सिस्टर.”

“दांडीही तूच वर केली होतीस.”

“हो, दांडी मीच केली.”

भागू भिंतीला टेकून उभी होती. अंगात एप्रन नव्हता. ती कोण, कुठली, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाची तरी भाची, कुणाला तरी भेटायला आलेली. आत्ता दारातून निघून गेली असती तर कुणी हाकही मारली नसती. हे तिला लख्ख कळलं, आणि आपल्याला ते किती पटकन कळलं याचीच तिला आणखी भीती वाटली.

“मी केला,” ती म्हणाली.

“तू कोण?”

“खालच्या दालनात प्रशिक्षणाला आहे. चाचणीसाठी आवाज कमी केला होता आणि वाढवायचा राहिला. ते बघायलाच आले होते.”

सिस्टरनी मॉनिटरकडं बोट केलं. ओरडल्या असत्या तर बरं, असं भागूला वाटलं.

“वाढव,” त्या म्हणाल्या.

भागूनं बटण दाबलं.

“नुसता दाखवू नकोस. ऐकव.”

सिस्टरनी आजींना सांगून त्यांच्या बोटावरची प्राणवायू मोजणारी क्लिप काढली. क्षणभरानं मॉनिटर असा कर्कश वाजला की घड्या घालणाऱ्या मुलीच्या हातातला टॉवेल खाली पडला. भागूचे हात सवयीनं कानांकडं गेले. तिनं ते अर्ध्यातून खाली आणले आणि सिस्टरनी क्लिप परत लावेपर्यंत ऐकत राहिली.

“तुझ्या सरांना तू सांगणार की मी?”

“मी सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी वर जाऊन आजींना बघून आली, मग तळघरात उतरली. सर स्क्रू काढत होते. भागूनं सगळं सांगितलं. सांगताना सरांचं स्क्रू काढणं थांबलं.

“आजी कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. मास्क काढलाय.”

“चिमटा?”

तिनं मुठीतून काढून दिला. सरांनी उठून तो दोरीला लावला.

“आवाज कमी कर असं तुला कुणी सांगितलं?”

“तुम्ही.”

“हं. माझ्या फोनसाठी.” ते परत येऊन बसले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “आजपासून फोन मी बाहेर जाऊन घेत जाईन. ती माझी चूक. पण सही मी करणार नाही. पुढच्या तुकडीबरोबर परत ये.”

“हो, सर.”

“रागावलो नाहीये.”

“हो, सर.”

“आणि काल आली नसतीस तर काय झालं असतं, याचा विचार दोघांनीही करायचा. तुझ्या वाटचा तू कर, माझ्या वाटचा मी.”

तिच्या बरोबरीच्या मुलांनी पदव्या घेतल्या तेव्हा भागू घरी होती. मामानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. तिला तेच जास्त लागलं. तीच म्हणाली, “मामा, तुझा चहा राहिलाय माझ्याकडं.” मामानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुन्हा प्रशिक्षणाला जायची वेळ जवळ आली तसं तिचं खाणं कमी झालं, झोप उडाली. स्वप्नात तिला तो बोळ दिसायचा आणि त्यातल्या सगळ्या खोल्या गप्प असायच्या. पण जायचं नाही असं ती एकदाही म्हणाली नाही. आदल्या संध्याकाळी ती एप्रन घेऊन आईच्या शिलाईयंत्रापाशी येऊन उभी राहिली.

“आई, याचे खिसे शिवून टाक.”

“फाटलेत?”

“नाही. तोंडं शिवून टाक. बंद.”

आईनं एप्रन मांडीवर घेतला, आपणच शिवलेल्या त्या खोल खिशात हात घालून बघितला. आत काही नव्हतं.

“अगं, पण पेन, रुमाल, काय काय असतं. कुठं ठेवशील?”

“हातात,” भागू म्हणाली.

आईनं पांढरा दोरा ओवला, खिशाचं तोंड जुळवून सुईखाली धरलं आणि पायडल दाबलं. भागू शेवटचा टाका पडेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग तिनं दोन्ही खिशांच्या जागी बोटं फिरवून बघितली. आणि परत एकदा बघितली.