बाळकृष्णाची टाळू

माझ्या आईने आजवर पुष्कळ बाळांना न्हाऊ घातलं आहे. त्यांतलं एकच विनाइलचं होतं.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गोकुळाष्टमीच्या पाळण्यात दरवर्षी लेले काकूंच्या नातीची बाहुली निजते. (सोनेरी केस, आडवी केली की डोळे मिटते. वर मोरपीस खोचलं की झाला बाळकृष्ण!) यंदा मीटिंगमध्ये मी त्यावर हसलो. तेवढं पुरलं.

"मग तुम्हीच करा की, सावंत!" काकू म्हणाल्या.

"करतो! अगदी खऱ्या बाळासारखा. मांड्यांवरच्या वळ्यांसकट!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर या सोसायटीत पुन्हा तोंड उघडणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना एवढा आनंद नेमका कशाचा झाला, हे मी विचारलं नाही.

मी विनाइलच्या बाळाचा कोरा संच मागवला. डोकं, हात, पाय सुटे येतात. ते रंगवायचे आणि कापडी धडाला जोडायचे. व्हिडिओ बघून बघून मी तज्ज्ञ झालो. (बघण्यातला.) "साच्यातून सुटावं म्हणून कारखान्यात त्याला काहीतरी तेलकट लावतात," मी बायकोला ऐकवत होतो, "ते साबणाने घासून काढलं नाही, तर रंग धरत नाही. कळलं?"

"कळलं रे! मग घास ना!" मंजू म्हणाली.

पण घासण्यासारखी कामं कलाकाराने का करावीत? ऑफिसला निघताना मी ते आईवर सोपवलं. रंगाबिंगाचं शास्त्र तिला सांगितलं नाही. तिला काय कळणार त्यातलं!

"आई, या बाळाला आंघोळ घालून ठेव गं. गरम पाणी, साबण, चांगलं चोळून. मला घालायचीस ना, अगदी तशी!"

आईचा चेहरा उजळला. मला वाटलं, माझ्या कलेबद्दलचा अभिमान असणार.

संध्याकाळी घरी आलो तर घरभर ओव्याच्या धुरीचा वास. दुपट्यावर डोकं, हात, पाय शहाण्यासारखे निजलेले. मी बोट फिरवून पाहिलं. एकदम कोरडं, मऊसूत! खरं तर रंगाआधी एकदा स्पिरिटचा बोळा फिरवायचा असतो. पण सख्ख्या आईवर अविश्वास कसा दाखवायचा? मी रबरी हातमोजे चढवले (माझ्या हाताचं तेल लागू नये म्हणून!), निळ्या रंगाचे पातळ थर दिले, हेअर ड्रायरने सुकवले आणि सगळं धडाला जोडलं. झकास झाला होता!

आमच्याकडे अष्टमीला कृष्ण संध्याकाळीच जन्मतो, कारण रात्री माईक लावता येत नाही. पाळणा म्हणून झाला, वरचं दुपटं बाजूला केलं आणि सगळे थक्क! लेले काकूंचेही डोळे भरून आले. त्यांनी बाळाला उचललं, गालाचा मुका घेतला, आणि गाल त्यांच्या ओठांवरच राहिला.

"सावंत," निळे ओठ हलले, "हे काय?"

"हवा दमट आहे ना, काकू!" म्हणत मी हाताने सावरायला गेलो. कपाळ माझ्या तळव्यावर आलं. घाबरून काकूंनी बाळ शेजारणीकडे दिलं, तिने पुढच्या बाईकडे. प्रत्येक ओटीत बाळ उजळत चाललं.

"अय्या, हा तर बलराम झाला!" कोणीतरी किंचाळलं.

"वाट लागली!" मंजू कानाशी पुटपुटली.

मी आईकडे धावलो. "आई, साबण लावला होतास ना?"

"लावला तर! आधी खोबरेलाने मालीश केलं. मग साय नि डाळीचं पीठ. मग तुझा साबण. धुरी दिली, टाळूवर वाटीभर तेल घातलं. जिरतच नव्हतं मेलं! मग थापली वरून पावडर."

"तेल? आई, तेल?"

"मेल्या, तेल लावल्याशिवाय पोराक आंगोळ कोण घालता? तूच सांगलंस मा, 'मला घालायचीस तशी' म्हणान!"

लेले काकूंनी माझ्या टकलाकडे शांतपणे पाहिलं. "म्हणजे यांच्याही टाळूवर वाटीभर घालायचात?"

"रोज!"

"तरीच यांच्या डोक्यावर काही टिकलं नाही."

उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. पण तोंड न उघडण्याचं कबूल करून बसलो होतो. म्हणून नुसता डोक्यावर हात मारून घेतला. निळा हात.

तो रंग मात्र साबणाने निघेना, स्पिरिटने निघेना. आठवडाभर मी ऑफिसात टोपी घालून बसलो. निघेल कसा? रंग पक्का बसायला लागतं तसं गुळगुळीत, कोरं आणि आतून पोकळ डोकं त्याला अखेर मिळालं होतं!