रिलोडिंग बेंचची चाकं

मंडळी, शारजाच्या सायबर कॅफेतून लिहितोय.

मी फर्निचर वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. ऑर्डर आली, 'रिलोडिंग बेंच'. म्हणजे सारखा गाडीत लोड करायचा असणार, असं समजून मी खाली चाकं लावायला सांगितली. मापं घेऊन आलेले आमचे सुतार, गणपतकाका, म्हणाले, "अरे, ह्येच्यार बंदुकीची काडतुसां भरतत. दांडो जोरान ओढतत. भिंतीक बोल्ट मारूया."

मी खेकसलो, "खलास! विषय संपला. चाकंच लावा."

आज काकांना घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी बेंच पोचवला. त्याने वर काडतुसं भरायचा प्रेस बसवून त्याच्या दांड्याला हिसका दिला, तसा अख्खा बेंच धावत जाऊन भिंतीवर आदळला. मध्ये काकांचा हात. दोन बोटं चेचली. पितळी काडतुसांवर रक्त उडालं.

गिऱ्हाईक माझी कॉलर धरून ओरडलं, "पहिया किसने लगाया?"

मी काकांकडे बोट दाखवलं.

त्याने काकांच्या थोबाडीत ठेवून दिली. काका रक्ताळलेला हात छातीशी धरून माझ्या बोटाकडे बघत राहिले.

हे सगळं त्याच बोटाने टाइप करतोय. खरं सांगा, तुम्ही कुणाकडे दाखवलं असतं?