पडून राहण्याची भीती

सत्यशीला घरात पडली त्या दिवशी तिला तीन वेळा फोन आला होता. तिन्ही वेळा तिच्या धाकट्या बहिणीचा, प्रेमला ओव्हाळ यांचा. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. अक्का विहारात गेली असेल असं समजून प्रेमलाताईंनी रिसीव्हर ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. संध्याकाळी पाचला अक्काचा मुलगा येरवड्याच्या घरी परतला तेव्हा ती न्हाणीघराच्या दारात पडलेली होती. सकाळी दहापासून. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ती शुद्धीवर होती. तिला तिन्ही फोन ऐकू आले होते.

ऑपरेशन झालं, पण अक्का पुन्हा चालली नाही. सात महिन्यांनी, २०१५च्या मार्चमध्ये ती गेली.

प्रेमलाताई तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. अडतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात काढली. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली. नव्वदीनंतर गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ आले, ट्रंक कॉल आटले आणि बाईंना चौकशीच्या टेबलावर बसवलं. पुढे मोबाइल आले, तेव्हा चौकशीही कमी झाली. यजमान २००९ साली वारले. मुलगा प्रज्ञेश इंजिनिअर झाला, खराडीत नोकरीला लागला आणि लग्नानंतर बायकोसह, सोनालीसह, तिकडेच राहायला गेला. कात्रजहून खराडीला रोज जाऊन-येऊन तीन तास जायचे. "तूही चल," असं तो दर दोन महिन्यांनी म्हणायचा. त्या जात नव्हत्या. कात्रजची दुसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली ती दोन खोल्यांची जागा त्यांनी आणि यजमानांनी मिळून घेतली होती.

अक्का गेल्यावर मात्र त्याच जागेची त्यांना भीती वाटू लागली. ओल्या फरशीवर पाऊल टाकताना आधी अंगठ्याने चाचपून बघायच्या. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायच्या. आंघोळीला जाताना मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायच्या. आधी खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाईंना फोन करायच्या, "जातेय," आणि नंतर, "आले."

"अहो प्रेमलाताई," एकदा मुक्ताबाई म्हणाल्या, "आंघोळीला जाता की चंद्रावर?" पण फोन घ्यायचं त्यांनी थांबवलं नाही, आणि घराची एक किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली.

जूनमध्ये हाडांची तपासणी झाली. अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, "हाडं बरीच ठिसूळ झालीत. गोळ्या लिहून देतो. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, स्नायूंत ताकद हवी. वजनाचे व्यायाम सुरू करा."

कोणते, हे त्यांनी सांगितलं नाही. बाहेर रांग होती, त्यामुळे बाईंनीही विचारलं नाही.

प्रज्ञेशला मात्र हे ऐकून हुरूप आला. रविवारी तो टॅब्लेट घेऊन आला. त्यात एक ॲप होतं, बारा आठवड्यांचा घरच्या घरी करायचा कार्यक्रम. "आई, सगळं ठरलेलं आहे. आज काय, उद्या काय, किती वेळा. तू फक्त प्ले दाबायचं. टीममधले चार जण करतात."

"ते चार जण किती वर्षांचे?"

"आई, प्लीज."

पडद्यावरचा दंडबेटकुळ्यांचा माणूस टाळ्या वाजवत इंग्रजीत ओरडायचा. तीन दिवस प्रेमलाताईंनी जमेल तसं केलं. चौथ्या दिवशी सतरंजीवर उताणं झोपून, हात डोक्यामागे घेऊन, धड उचलून गुडघ्यांकडे न्यायचं होतं. सहाव्या वेळी पाठीत मधोमध काहीतरी कट्‌ झालं. आवाज बारीकच होता. त्या तशाच खाली टेकल्या आणि मग त्यांना कुशीवर वळता येईना. पडद्यावरचा माणूस टाळ्या वाजवत होता. मोबाइल समोरच्या टेबलावर होता, दोन हातांवर. फक्त आंघोळीलाच तो गळ्यात असायचा.

पाऊण तास त्या तशा पडून होत्या. मग फोन वाजला, आणि वाजतच राहिला. अक्काला हेच ऐकू येत असणार, हे त्यांच्या डोक्यात आलं. आंघोळीच्या वर्दीचा फोन आला नाही आणि उलट केलेला कुणी उचलेना, तेव्हा मुक्ताबाई किल्ली घेऊन वर आल्या.

एक्स-रेत पाठीचा एक मणका दबलेला निघाला. सहा आठवडे विश्रांती. "वाकायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रज्ञेशला त्यांनी "पाठीत उसण भरलीय" एवढंच सांगितलं. खरं मुक्ताबाईंनी सांगून टाकलं. तो त्याच दिवशी ऑफिसातून निघून आला आणि खाटेशेजारी बसला.

"मी दिलं तुला ते ॲप."

"तू चांगल्यासाठीच दिलंस."

"आता व्यायाम नाही, काही नाही. खराडीला चल. लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवू. तू नुसती पडून राहा."

नुसती पडून राहा. त्याच्या तोंडून ते सहज गेलं, पण प्रेमलाताईंच्या अंगावर काटा आला. त्या सहा आठवड्यांत मांड्या सैल पडत चाललेल्या त्यांना दिसत होत्या. खाटेवरून उठताना पाय थरथरायचे. हललं तर मणका मोडेल, न हललं तर एक दिवस उठताच येणार नाही. दोन्हीकडून भीतीच होती. विश्रांती संपत आली तेव्हा त्यांनी प्रज्ञेशकडे दोन आठवडे मागितले. "मी शोधते. नाही सापडलं तर येते तुझ्याकडे."

चौकशीच्या टेबलावर बसलेली बाई ती. आधी वही काढून प्रश्न लिहिले: माझा मणका दबलाय, तर काय करायचं नाही? पहिल्या दिवशी किती? वाढवायचं कधी, हे कोण ठरवणार? दुखलं तर काय?

सोनालीने ज्येष्ठांसाठीचं म्हणून दुसरं ॲप शोधून दिलं. त्यात पांढऱ्या केसांची एक बाई हसत होती आणि पहिल्याच दिवशी वाकून पायाचे अंगठे धरत होती. प्रेमलाताईंनी ते बंद केलं. मग घरी येऊन शिकवणाऱ्या एका ट्रेनरला फोन लावला.

"आंटी, टेन्शन नका घेऊ. दोन महिन्यांत एकदम फिट."

"मणका दबलाय माझा. कोणते व्यायाम वर्ज्य?"

"वर्ज्य असं काही नसतं हो. मनात ताकद पाहिजे."

"मनाचा एक्स-रे काढलेला नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसरी उत्कर्षा. कात्रजच्याच एका दुकानगाळ्यात तिचं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक होतं. वय तिशीच्या आत. तिने बाईंना चालायला सांगितलं, खुर्चीतून उठायला सांगितलं. हाताचा आधार न घेता त्यांना उठता आलं नाही.

"काकू, भीती कशाची वाटते?"

"पडण्याची."

"पडलात तर काय होईल?"

"उठता येणार नाही. फोन वाजेल आणि मी ऐकत राहीन."

उत्कर्षाने एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला. "आज मी तुम्हाला एकही व्यायाम देणार नाही," ती म्हणाली. "एक्स-रे ठेवून जा. तुमच्या डॉक्टरांशी बोलते. परवा या."

त्या 'परवा'मुळेच प्रेमलाताईंचा कौल तिच्याकडे झुकला. घाई न करणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षाने मराठीत हाताने लिहिलेला कागद दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. उंच खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा. भिंतीला तळवे टेकून दंड. ओट्याला धरून टाचा उचलणं. खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणं. दोन्ही हातांत डाळीची एकेक पुडी घेऊन ताठ चालणं. सलग दोन आठवडे सोपं गेलं तरच पुढची पायरी, तीही तिला दाखवून. खाली लाल शाईत: कमरेतून वाकायचं नाही. पिळायचं नाही. पाठीवर झोपून धड उचलायचं नाही. पाठीत नवी कळ आली तर तिथेच थांबून फोन करायचा.

"एवढंच?" प्रज्ञेशने कागद उलटापालटा करून पाहिला.

"एवढंच," प्रेमलाताई म्हणाल्या. "याच्यात माझा मणका लिहिलाय. तुझ्या टॅब्लेटमध्ये नव्हता."

त्याने मान खाली घातली. बोलायला नको होतं, असं त्यांना लगेच वाटलं.

पहिला महिना भयंकर गेला. खुर्चीतून उठताना प्रत्येक वेळी त्या कट्‌ ऐकायला कान लावून असायच्या. एकदा गुडघा वाजला आणि त्या अर्धा तास खुर्चीत बसून राहिल्या. मुक्ताबाई समोर बसून मोजायच्या. पाचाचे आठ झाले, आठाचे दहा. खुर्ची उंच होती ती साधी झाली. एका-एका किलोच्या पुडीच्या दोन-दोन झाल्या. जिन्यात आता एक हात मोकळा असायचा.

तेराव्या आठवड्यात उत्कर्षा म्हणाली, "आता जमिनीवर जायचं आणि उठायचं. घरी करू. मुलाला बोलवा."

त्या शनिवारी प्रज्ञेश आला. मधल्या खोलीत सतरंजी, बाजूला भक्कम खुर्ची. खुर्चीला धरून एक गुडघा, मग दुसरा, मग कुशीवर, अशा प्रेमलाताई खाली गेल्या. तिथपर्यंत ठीक होतं. फरशीचा गारवा गालाला लागला आणि सगळं शिकलेलं विसरलं. घरातलं सामान एकदम उंच दिसायला लागलं. श्वास छातीतच अडकला.

"आई!" प्रज्ञेश पुढे झेपावला.

"थांबा," उत्कर्षा म्हणाली. "काकू, घाई नाही. श्वास सोडा. कुठला हात मोकळा आहे?"

"नाही जमणार."

"बरं. मग पडून राहा थोडा वेळ. आम्ही इथेच आहोत."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. प्रज्ञेश गुडघ्यांवर बसून रडत होता, आवाज न करता. प्रेमलाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. आपल्याइतकाच हाही घाबरलाय, कदाचित जास्तच, हे त्यांना तेव्हा कळलं. वरचा तळवा त्यांनी फरशीवर टेकला. पाठ सरळ ठेवून कोपरावर आल्या. मग चार पायांवर, रांगत्या पोरासारख्या. खुर्चीपर्यंतचं हातभर अंतर संपता संपेना. खुर्चीच्या बैठकीवर हात. एक पाऊल पुढे. मांडी थरथरली आणि त्या पुन्हा गुडघ्यावर आल्या.

"धरू का?" प्रज्ञेशने विचारलं.

"हात लावू नकोस."

दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की बोटं सोडवायला वेळ लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उत्कर्षाने पाणी आणून दिलं. प्रज्ञेशने आईच्या खांद्याला डोकं लावलं, पण भार टाकला नाही.

भीती गेली का? नाही. आंघोळीआधीचा फोन चालूच राहिला. पण खराडीला त्या गेल्या नाहीत, आणि प्रज्ञेशनेही पुन्हा म्हटलं नाही. तो दर शनिवारी येऊ लागला.

पुढच्या वर्षी पुण्यात चिकुनगुन्याची साथ आली. पावसाळ्याच्या शेवटी तापाने प्रेमलाताईंना गाठलं. सांधे सुजले, चहाचा कपही उचलेना. दोन महिने व्यायाम बंद. ताप उतरला तेव्हा वर्षभरात कमावलेलं बहुतेक गेलं होतं. आरशासमोर उभं राहून त्यांनी आपले हात पाहिले आणि जुनी धडकी नव्याने भरली.

उत्कर्षाने परत उंच खुर्चीपासून सुरू करायला सांगितलं. पाच वेळा.

सोमवारी मुक्ताबाई मोजायला येऊन बसल्या. प्रेमलाताई दोनदा उठल्या, तिसऱ्यांदा कशाबशा. चौथ्यांदा अर्ध्यातूनच खाली बसल्या.

"तीन झाले," मुक्ताबाई म्हणाल्या. "आज बास?"

प्रेमलाताईंनी खुर्चीच्या कडेला सरकून पावलं मागे घेतली, समोर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोजा."